गल्लीतला शाहीर आणि त्याची पेढी

मराठी रसिकाला कवी निर्धन असलेला फार आवडतो. तुकोबांचे अभंग आपण जेवढ्या प्रेमाने म्हणतो, तेवढ्याच प्रेमाने त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा सांगतो. आणि ती सांगताना, कागद बुडविणारा हा माणूस पिढीजात वाणी होता, त्याला हिशेब उत्तम येत होता, ही गोष्ट सोयीस्करपणे मागे ठेवतो. पठ्ठे बापूरावांचेही तसेच. रेठरे हरणाक्षचे हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार सोडून तमाशाच्या फडात आले, पवळेच्या साथीने त्यांनी सारा मुलूख वेडा केला, आणि १९४५ साली पुण्यात विपन्नावस्थेत गेले. त्यांच्या लावण्या मात्र ज्याला गळा होता त्याने गायिल्या आणि ज्याच्यापाशी फड होता त्याने रंगविल्या. बालगंधर्वांच्या अत्तराच्या नि शालूंच्या गोष्टी आपण अजून सांगतो, आणि त्यांच्या कर्जाची गोष्ट तर त्याहून रंगवून सांगतो. या कथा सांगताना आपल्या डोळ्यांत पाणी येते हे खरे. परंतु मला पुष्कळदा असे वाटत आले आहे, की त्या पाण्यात थोडे समाधानही मिसळलेले असते. कर्ज त्याचे, दाद आपली, देणेघेणे संपले.

म्हणून एखाद्या गाणाऱ्याने आपली चोपडी आपणच ठेवायला घेतली, की आपल्याला कुठे तरी चुकल्यासारखे होते. ‘आता तो कसला कलावंत! व्यापारी झाला,’ असे आपण म्हणून टाकतो. वास्तविक आपल्याच रंगभूमीचा इतिहास उघडला, तर मालक झालेल्या नटांची रांगच्या रांग त्यात दिसते. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ काढली तेव्हा ते ऐन अठराच्या घरात होते. त्याआधी पोरवयात दुसऱ्याच्या कंपनीत ‘शारदा’ होऊन त्यांनी ती कंपनी गाजविली होती. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली ती बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तीन कलावंतांच्या भागीदारीत. आणि आमच्या सिंधुदुर्गात दशावतारी कंपनीचा मालक तोंडाला रंग लावून रात्रभर स्वतः उभा राहतो, हे आजही पाहायला मिळते. नेरूरच्या बाबी कलिंगणांचे नाव या बाजूला आदराने घेतात, ते नट म्हणून तर खरेच, पण मंडळ उभे करणारा माणूस म्हणूनही. कलावंताने मालक व्हावे की नाही, हा वाद त्यामुळे मला जुना आणि निरर्थक वाटतो. मालक झाल्यावर त्याच्या गाण्याचे काय होते, हे मात्र पाहण्यासारखे आहे. आणि ते ज्याच्या बाबतीत अगदी उघड्या डोळ्यांनी पाहता येते, असा एक कलावंत आज मुंबईत आहे.

त्याचे नाव डिव्हाइन. घरचे नाव व्हिव्हियन फर्नांडिस. जन्म १९९० चा. वाढला अंधेरी पूर्वेला, जे. बी. नगरच्या बाजूच्या वस्तीत. धंदा : रॅप म्हणणे, आणि २०१९ पासून ‘गली गँग एंटरटेनमेंट’ या पेढीची मालकी. दिवाळी अंकाच्या पानात हे नाव पाहून काही वडीलधारे चष्मा पुसून पुन्हा वाचतील. त्यांनी फराळाच्या ताटाशी बसलेल्या नातवाला विचारावे. नातवाला ठाऊक असते, आणि बहुधा पाठही असते.

रॅप म्हणजे काय ते येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. तालावर बोलणे म्हणजे रॅप. यात सूर पाहुणा असतो. घरधनी तो ताल. शब्द यमकांच्या साखळीने बांधायचे, श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवायचे आणि ऐकणाराला श्वास घेऊ द्यायचा नाही, असा हा प्रकार आहे. त्याचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या तरुणाने बहिणीच्या हौसेखातर भरविलेल्या नाचाच्या मेजवानीपासून त्याचे वय मोजतात. परंतु ज्याने आमच्याकडची डबलबारी ऐकली आहे, त्याला हा प्रकार समजावून सांगण्यात फार वेळ घालवावा लागत नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ या पट्ट्यात दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात. मध्ये पखवाज, झांजा, पेटी. अभंग-गवळण होईपर्यंत सारे सोज्ज्वळ असते. मग गजर सुरू होतो, आणि एक बुवा दुसऱ्याच्या गळ्यापासून गावापर्यंत सगळ्याची हजेरी घेतो. त्याला उत्तर आयत्या वेळी, त्याच चालीत आणि त्याच मात्रेत द्यावे लागते. लोक बक्षिसे देतात, बुवा देणाऱ्याचे नाव पुकारतो, आणि ते नावसुद्धा कधी कधी गजरात गुंफून टाकतो. ब्राँक्समधल्या मंडळींनी हे ऐकले असते तर त्यांना परके वाटले नसते.

फरक आहे तो ‘मी’चा. बुवा कितीही चढला तरी शेवटी पुराणाच्या सावलीत उभा असतो. टोमणा कर्णाच्या मुखातून अर्जुनाला जातो, मग समोरच्या बुवाला लागला तर लागो. रॅपर सावली घेत नाही. तो ‘मी’ म्हणतो आणि त्याचा अर्थ मीच असा असतो. आपला शाहीर आपले नाव लावणीच्या शेवटच्या चरणात घालीत असे. रॅपर आरंभीच आपले नाव पुकारतो. या नाममुद्रेकडे आपण अलंकार म्हणून पाहत आलो. मला ती नेहमी सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी वाटली आहे. शाहिराजवळ आपल्या रचनेच्या मालकीचा दुसरा कागद नव्हता. लावणी कुणीही उचलावी, कुठल्याही फडात गावी. पण शेवटच्या ओळीत नाव बापूरावांचे. पैसा आला नाही तरी नाव तरी येत असे. त्या नाममुद्रेतून पुढे पैसाही यावा अशी व्यवस्था या नव्या शाहिराने केली, एवढाच खरे म्हणजे त्याच्या पेढीचा अर्थ आहे.

त्याची सुरुवात इंग्रजीतून झाली. या कलेची पहिली ओळख त्याला शाळेतल्या एका सोबत्याच्या सदऱ्यावरून झाली, असे तो सांगतो. त्या सदऱ्यावर ‘फिफ्टी सेंट’ या अमेरिकन रॅपरच्या २००३ सालच्या संग्रहाचे चित्र होते, आणि त्या संग्रहाचे नावच मुळी ‘श्रीमंत व्हा, नाहीतर त्या खटपटीत मरा’ अशा अर्थाचे आहे. आपले कवी देवळात, फडात किंवा गिरणीच्या फाटकावर घडले. हा एका विकाऊ सदऱ्यावरून घडला. कुणाला यात अधःपात दिसेल. मला एवढेच दिसते, की कला आणि तिचा बाजार ही दोन्ही त्याच्यासमोर एकाच दिवशी, एकाच कापडावर छापून आली. पुढे पेढी काढताना त्याला जी ओढाताण झाली नाही, तिचे मूळ बहुधा येथे असावे.

इंग्रजीतली त्याची उमेदवारी मी मोजीत नाही. खरा डिव्हाइन २०१३ साली ‘ये मेरा बॉम्बे’ या गाण्यात जन्मला, कारण त्यात तो आपल्या भाषेवर आला. ती भाषा हिंदी म्हणायची तर म्हणावी. पण लखनौच्या माणसाने ती ऐकून कानांवर हात ठेवावेत. मराठीचे हाड, गुजरातीचे देणेघेणे, दख्खनीची ऐट आणि वर इंग्रजीची फोडणी अशी ती मुंबईच्या रस्त्यावरची बोली आहे. सभ्य कवितेने तिला उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते. चित्रपटाने घेतले ते विनोदापुरते किंवा गुंडाच्या तोंडी. या मुलाने तिच्यात गंभीरपणे बोलून दाखविले. पुढे २०१५ साली कुर्ल्याच्या नेझीबरोबर त्याने ‘मेरे गली में’ केले. नेझी हा त्याच्याइतकाच गुणी आणि स्वभावाने अगदी निराळा. त्याने आदल्या वर्षी ‘आफत’ हे आपले गाणे एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे ठेवले होते. दोघांचे आवाज एकमेकांवर घासतात : एकाचा जाड, जमिनीवर पाय रोवलेला, दुसऱ्याचा धारदार, उड्या मारणारा. आपल्या डबलबारीत बुवा एकमेकांना पाडतात. येथे दोघे एकमेकांना उचलून धरतात.

‘मेरे गली में’ मी अजूनही त्याची सर्वांत सरस रचना मानतो, आणि त्याचे कारण तिच्या व्याकरणात आहे. तीत ‘माझे’ हा शब्द आहे, पण जे माझे म्हणून दाखविले आहे ते कुणाच्याच मालकीचे नाही. गल्ली सार्वजनिक असते. तिच्यातली पोरे, तिच्यातले भय, पोलिसांची फेरी, कोपऱ्यावरचे उभे राहणे, या सगळ्यांवर हक्क सांगणारा ‘मी’ हा खरे म्हणजे अनेकवचनी आहे. आपल्या शाहिरांत ही ताकद अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्यापाशी होती. ते ‘माझी मुंबई’ म्हणत तेव्हा गिरणीतला प्रत्येक माणूस ती आपली समजे. डिव्हाइनला त्यांची परंपरा ठाऊक आहे असे माझे म्हणणे नाही. परंपरा ठाऊक नसताना माणूस तिच्या दारात येऊन उभा राहतो, हा मुंबई शहराचा गुण आहे.

मग २०१९ साल उजाडले. १४ फेब्रुवारीला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ आला. डिव्हाइन आणि नेझी यांच्या आयुष्यांवरून सुचलेली ही कथा. गल्लीतल्या मुलाचे काम रणवीर सिंगने केले. चित्र चांगले होते. त्याला तेरा फिल्मफेअर पारितोषिके मिळाली, ऑस्करसाठी भारतातर्फे तेच गेले, आणि ‘अपना टाइम आएगा’च्या शब्दांसाठी अंकुर तिवारी यांच्यासह डिव्हाइनलाही पारितोषिक मिळाले. ज्या दिवशी हे गाणे घराघरांत गेले, त्या दिवशी ‘गली’ हा शब्द त्याच्या हातून सुटला. तो शब्द जाहिरातवाल्यांचा झाला, क्रिकेटच्या समालोचकांचा झाला, ज्यांनी जन्मात गल्लीत पाय टाकला नव्हता त्यांच्या सदऱ्यांवर येऊन बसला. पठ्ठे बापूरावांच्या लावणीचे जे झाले तेच होण्याची वेळ आली होती, आणि तेही फार मोठ्या प्रमाणावर.

येथे त्याने जे केले ते मला त्याच्या कुठल्याही गाण्याइतके महत्त्वाचे वाटते. त्याच वर्षी त्याने ‘गली गँग’ ही पेढी उभी केली. जो शब्द सगळे जग विकायला निघाले होते, त्याची पाटी त्याने आपल्या दारावर लावली. तोवर त्याची गाणी सोनी कंपनीतर्फे निघत असत. २०१६ सालचे ‘जंगली शेर’ तसेच निघाले. २०१९ सालीच अमेरिकन रॅपर नॅस याच्या ‘मास अपील’ कंपनीची भारतीय शाखा युनिव्हर्सलच्या सहकार्याने सुरू झाली, आणि तिने करारबद्ध केलेला पहिला भारतीय कलावंत तो ठरला. म्हणजे एका बाजूने मोठ्या सावकाराशी बरोबरीने बसायचे आणि दुसऱ्या बाजूने आपली लहानशी पेढी आपल्या माणसांसाठी चालवायची, अशी दुहेरी मांडणी त्याने केली. डी’ईव्हिल, शाह रूल, आवृत्ती ही नावे तिच्याभोवती दिसू लागली. त्या वर्षीच्या ‘कोहिनूर’ या संग्रहात ‘वाइब है’ नावाचे गाणे आहे. त्यात यजमान आपली पाने वाढून झाल्यावर बाजूला होतो आणि पाहुण्यांना बोलू देतो. नाटक मंडळीच्या मालकाने तिसऱ्या अंकात नव्या नटाला पद सोडावे, तसे ते आहे. गाणे म्हणून ते मध्यम आहे. परंतु मालकाची नीयत ओळखायला असली मध्यम गाणीच उपयोगी पडतात.

या धंद्याचा हिशेब वाचकांना थोडा सांगायला हवा, कारण त्यावाचून या माणसाची धडपड कळणार नाही. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल यांची, दुसरी त्या ठरावीक ध्वनिमुद्रणाची. पूर्वी कवी दोन्ही विकून मोकळा होई. रोख रक्कम हातात, बाकी नशीब. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तीमागे जावेद अख्तर यांचा राज्यसभेतला आग्रह होता. तेव्हापासून चित्रपटासाठी गीत लिहिणाऱ्याने हक्क विकले, तरी चित्रपटगृहाबाहेर त्या गाण्याचा जो वापर होतो त्यातला आपला वाटा त्याला सोडून देताच येत नाही. कायद्याने त्याला स्वतःच्या भोळेपणापासून वाचविले. ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र ज्याने पैसा घातला त्याचीच राहते. हल्ली गाणे फोनवर ऐकले जाते, आणि एकेका ऐकण्यामागे मिळणारी रक्कम इतकी बारीक असते की तिला नाणे शोधून सापडणार नाही. ती कोटींनी गोळा होते तेव्हाच तिला आकार येतो, आणि तो आकार मालकाच्या घरी जातो. तेव्हा रॅपर पेढी काढतो यात लोभ असेल, नाही असे नाही. पण त्याहून अधिक त्यात हे साधे गणित आहे.

अमेरिकेत हे गणित आधी सुटले. जे-झी या न्यूयॉर्कच्या रॅपरला कुणी कंपनी घेईना, म्हणून त्याने दोन मित्रांबरोबर स्वतःची कंपनी काढली आणि १९९६ साली पहिला संग्रह तिच्यातर्फे आणला. पुढे कपड्यांचा धंदा केला; त्याच्या नावाचे हक्क २००७ साली वीस कोटी डॉलरांच्या वर विकले; आणि २०१९ साली, म्हणजे आमच्या गल्लीवाल्याने पाटी लावली त्याच साली, फोर्ब्स मासिकाने त्याला अब्जाधीश ठरविले. डॉ. ड्रे याने तर कानाला लावायच्या यंत्रांची कंपनी उभी केली आणि २०१४ साली ती अॅपलने तीन अब्ज डॉलरांना घेतली. हे आकडे वाचून आपले डोळे पांढरे होतात. टीकाकाराने मात्र आकड्यांच्या पलीकडे पाहावे. जे-झीच्या उत्तरायुष्यातल्या गाण्यांत धनाची यादी लांबली आणि माणसे कमी झाली, अशी तक्रार त्याच्या चाहत्यांतही ऐकू येते.

तीच तक्रार मला डिव्हाइनविषयी करायची आहे. ‘कोहिनूर’पासून त्याच्या गाण्यांतला ‘मी’ एकवचनी होत गेला. २०२२ च्या ‘गुनेहगार’मध्ये तर परदेशी पाहुण्यांची रीघ आहे, तालाची श्रीमंती आहे, जुन्या ‘बाजीगर’ चित्रपटातल्या गाण्याचा तुकडा मोठ्या डौलाने वापरला आहे. पण मी ते ऐकून उठलो तेव्हा मला एकही माणूस आठवेना. यशाची यादी आठवते. वैऱ्यांना दिलेले इशारे आठवतात, आणि ते वैरी कोण, हे कधीच कळत नाही. पूर्वी त्याच्या गाण्यात गल्लीचा वास होता. तो आता जिंकून झालेल्या सामन्याचा धावफलक वाचून दाखवितो आणि मी, त्याचा जुना श्रोता, सामना कधी दाखविणार म्हणून बसून राहतो. हे केवळ पेढीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. गल्ली सोडून गेलेला माणूस गल्लीवर किती काळ बोलू शकेल, यालाही मर्यादा आहेत. आणि खोटी गरिबी गाण्यापेक्षा खरी श्रीमंती गावी, हे प्रामाणिकच म्हटले पाहिजे.

पण मधे एक संग्रह आहे, आणि त्यासाठी मी या माणसाला पुष्कळ माफ करायला तयार आहे. डिसेंबर २०२० चा ‘पुण्य पाप’. शीर्षकच जमाखर्चाचे आहे. टाळेबंदीचे वर्ष, कार्यक्रम बंद, गर्दी नाही, टाळ्या नाहीत. ज्याचे पोट गर्दीवर तो एकटा सापडला. ‘तीन एकोणसाठ’ हे पहाटेच्या वेळेचे नाव असलेले गाणे त्यातलेच. जागरणाने ताठरलेला त्याचा स्वर ऐकावा. येथे तो मालकही आहे आणि देणेकरीही. मिळविले ते कुणाच्या जिवावर मिळविले, मागे कोण राहिले, आपण चांगले की आपले नशीब चांगले, असे प्रश्न तो स्वतःला घालतो आणि त्यांची उत्तरे देण्याची घाई करीत नाही. ज्याने नावच ‘ईश्वरी’ घेतले आहे त्याच्या तोंडी ही कबुलीजबाबाची भाषा साजते. लहानपणी चर्चमध्ये पाहिलेल्या कबुलीच्या खोलीची तीत छाया असावी. माझ्या मते मालक झाल्यावरचे गाणे कसे असावे, याचा हा नमुना आहे. गल्लीचा आव नाही, धनाची यादी नाही. चोपडी उघडून दोन्ही बाजू वाचल्या आहेत. वाणी असलेल्या तुकोबांनीही मनाचा असाच हिशेब मांडला. ही तुलना उंचीची नाही, पद्धतीची आहे. एवढे सांगितले म्हणजे वारकरी वाचक रागावणार नाहीत.

पेढी न काढताही हे करता येते, असे म्हणणारी मंडळीही मुंबईत आहेत, आणि ती मला प्रिय आहेत. ‘स्वदेशी’ नावाचा एक गट आहे. त्यात एमसी मवाली मराठीतून बोलतो. धर्मेश परमार ऊर्फ तोडफोड गुजरातीतून बोलायचा, तो २०२२ साली फार लवकर गेला. आरेच्या जंगलातल्या आदिवासींसाठी त्यांनी प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. त्यांच्या गाण्यातला ‘मी’ आजही अनेकवचनी आहे. पण त्यांचे नाव नातवाला विचारा. बहुधा माहीत नसेल. शुद्ध राहण्याची ही किंमत त्यांनी हसतमुखाने मोजली. ती प्रत्येकाने मोजावी असे घरात बसून, फराळ करीत सांगण्याचा अधिकार मला किंवा तुम्हाला आहे असे मला वाटत नाही.

हे सगळे दोडामार्गात बसून लिहिण्याचे कारण असे, की हा प्रश्न आता आमच्या दारात आला आहे. आमचा तालुका १९९९ सालचा, सावंतवाडीतून वेगळा निघालेला. एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. सकाळी म्हापसा-डिचोलीकडे जाणाऱ्या गाड्या तरुण मुलांनी भरून जातात आणि रात्री थकलेली मुले घेऊन येतात. त्यांच्या कानांत डिव्हाइन असतो. त्यांतली काही स्वतः जुळवतात आणि फोनवर ध्वनिमुद्रित करतात. मला ऐकवतातही. त्यांत ताल चांगला असतो. डबलबारीत वाढलेल्या पोरांना ताल शिकवावा लागत नाही. पण शब्द सगळे अंधेरीचे! गली, नाका, टपरी, चाळ. दोडामार्गात कुठली आली गल्ली? आमच्याकडे वाडी आहे, पाणंद आहे, व्हाळ आहे. हत्ती २००२ पासून कर्नाटकातून येतात आणि केळीच्या बागा एका रात्रीत झोपवून जातात. तिलारीच्या धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांची नातवंडे या गाड्यांत बसतात. कळण्याच्या खाणीवरून घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत. एवढा ऐवज पायाशी पडलेला असताना मुले दुसऱ्याच्या गल्लीत भाड्याने राहतात, याचे मला वाईट वाटते.

त्यांच्या बापांना वाईट वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ‘ह्येच्यान पोट भरतला काय?’ असे ते मला विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. दशावतारात राजा होणारा माणूस पहाटे मुकुट उतरवून पेटाऱ्यात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत कामाला जातो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. मी त्यांना डिव्हाइनच्या संपत्तीचे आकडे सांगत नाही. लाखांत एकाचा आकडा उरलेल्यांना सांगणे म्हणजे लॉटरीचे तिकीट विकणे आहे, आणि ती विकणारे गोव्याच्या वाटेवर पुष्कळ आहेत. मी मुलांना एवढेच सांगतो, की गाणे कुठल्याही कंपनीला पाठविण्याआधी कागद वाचा, शब्दांचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळे लिहून घ्या, आणि वकील परवडत नसेल तर सही करायला एक आठवडा मागा. अंधेरीच्या मुलाकडून उसना घ्यायचा तर त्याचा हा हिशेबीपणा घ्यावा. शब्द आपल्या व्हाळातले.

गेल्या गणपतीत भजनी मंडळातल्या दोघांनी मला एक नवे सांगितले. पखवाज आणि झांज तशीच ठेवून, पेटी बाजूला सारून, मालवणीतून ते काही बांधीत आहेत. विषय हत्तीचा आहे : एकाने हत्तीचा पक्ष घ्यायचा, दुसऱ्याने बागायतदाराचा, म्हणजे रीतसर डबलबारीच. शेवटच्या चरणात नाव कुणाचे घालायचे यावरून दोघांचे अजून भांडण चालू आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, की आपल्या देवळात दहिकाल्याच्या आधी अर्धा तास ते मागून घेणार आहेत. मानकऱ्यांनी अजून होकार दिलेला नाही.